वाऱ्याचे सात ग्रॅम

दोरीने ओढल्या जाणाऱ्या गाडीत स्टिअरिंग धरून बसण्याइतकं निरुपयोगी काम दुसरं नसेल. पुढची गाडी नेईल तिकडे जायचं, ती थांबली की थांबायचं, आणि चेहरा मात्र आपणच चालवतोय असा ठेवायचा. पुढच्या गाडीत माझे साडू होते. त्यांच्या डोक्याची मागची बाजू मला दिसत होती, आणि डोक्याच्या त्या ठेवणीवरूनच कळत होतं की हा प्रसंग त्यांना निदान दहा वर्षं पुरणार आहे.

आम्ही आईला मावशीकडे घेऊन चाललो होतो. मावशी दुसऱ्या गावी राहते. तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आईच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता, आणि दोघी बहिणी पुष्कळ दिवसांत एकमेकींना भेटलेल्या नव्हत्या. फोनवर त्या रोज बोलत, पण फोन ठेवताना दोघीही म्हणत, "भेटलं की सांगते." सांगायचं साठत चाललं होतं. आईला चाकांची खुर्ची लागते. घडी केली तरी ती आमच्या गाडीच्या डिकीत मावत नाही. म्हणून मी टपावर कॅरियर बसवून घेतलं, त्यावर खुर्ची बांधली, आणि निघालो. अर्ध्या वाटेवर मोकळ्या रानात गाडी दोन आचके देऊन थांबली.

बायकोने साडूंना फोन लावला. ती सांगायला लागली, "अहो भाऊजी, यांनी पेट्रोल..." तेवढ्यात मी फोन घेतला आणि म्हणालो, "इंजिनात काहीतरी बिघाड दिसतोय." त्यामुळे साडू कॅन न आणता दोरी घेऊन आले. मावशीकडे जायचं राहिलं, आणि आमची वरात उलट्या दिशेने घरी आली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, मग टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावलं आणि माझ्याकडे बघितलं. बोलायला साडू होतेच.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मी एका मोठ्या कार्यालयात अंतर्गत तपासणी विभागात आहे. टाकीत लागेल त्याहून जास्त पेट्रोल घेऊन हिंडणं मला गोदामात माल कुजत ठेवण्यासारखं वाटतं. अंतर किती, गाडी लिटरला किती जाते, भागाकार करायचा आणि वर चिमूटभर घालायचं, ही माझी पद्धत. ती कधी चुकली नव्हती. त्या दिवशीही भागाकार बरोबरच होता. मी तो मेकॅनिकसमोर पुन्हा करून दाखवला.

"भागाकार बरोबर आहे, साडूबुवा," साडू म्हणाले, "पण टपावर ते कॅरियर आहे ना? त्यावर खुर्ची. वारा अडतो. गाडी रस्ता कापत नाही, वारा कापते. साधी गोष्ट आहे."

साडूंचं विजेच्या वस्तूंचं दुकान आहे. पंखे विकून विकून वारा हा आपल्या घरचाच माणूस आहे असं त्यांना वाटतं.

घरी बायकोने निकाल दिला. "कॅरियर काढून टाका. आईंना भाऊजींच्या गाडीतून पाठवू. त्यांची डिकी केवढी मोठी आहे."

"कुणावरही आरोप ठेवण्याआधी चौकशी होते," मी म्हणालो. "आमच्याकडे शिपायालाही चौकशीशिवाय निलंबित करत नाहीत."

"कॅरियर तुमच्या ऑफिसात नोकरीला नाही."

आई कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, "मला कुणीही न्या. फक्त ती बघू शकत्ये तोवर न्या."

हे ऐकल्यावर कुणाही समजूतदार माणसाने साडूंना फोन केला असता. पण स्वतःच्या आईला तिच्या बहिणीकडे साडूंच्या गाडीतून पाठवायचं, आणि तेही भागाकार बरोबर असताना, हे मला पटेना. मी आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि कॅरियरची चौकशी सुरू केली.

वाऱ्याचा अडथळा मोजायच्या दोन रीती आहेत असं मी एका पुस्तकातून वाचून काढलं. पहिलीत खर्च नाही. गाडीला चांगला वेग द्यायचा, मग गिअर काढून तिला तिच्या नशिबावर सोडायचं आणि ती किती वेळात मंदावते ते बघायचं. लवकर मंदावली तर अडथळा जास्त. त्यात चाकांचं रस्त्याशी घासणंही येतं, पण ते कॅरियर असो वा नसो, साधारण सारखंच. वजाबाकीत निघून जातं. एकदा कॅरियरसकट आणि एकदा कॅरियर काढून, बस. वजाबाकीने सुटणारा प्रश्न म्हटल्यावर मला विषयाबद्दल आपुलकीच वाटू लागली.

सुट्टीच्या दिवशी गोदामांच्या मागच्या सरळ रस्त्यावर आम्ही गेलो. बायकोच्या हाती वेळ मोजायचं काम दिलं. मी वेग घेतला, गिअर काढला, गाडी शांतपणे घरंगळू लागली. ती बऱ्यापैकी मंदावली तेव्हा चहाच्या टपरीवरून दोन हमाल धावत आले आणि त्यांनी मागून जोर लावला. आरशात त्यांचे दयाळू चेहरे दिसत होते. गाडीचा वेग वाढला. हे पुस्तकात नव्हतं.

मी उतरून त्यांना सांगितलं की गाडी चांगली आहे, मी मुद्दामच थांबू देतोय. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या खेपेला एक स्कूटरवाले गृहस्थ बरोबरीने चालत राहिले आणि खिडकीतून "क्लच प्लेट, क्लच प्लेट" असं सांगत राहिले. तिसऱ्या खेपेला गोदामाच्या वॉचमनने हात करून गाडी थांबवली. आपल्या मेव्हण्याच्या गाडीलाही अगदी हाच रोग होता, असं तो म्हणाला. मग त्याने बायकोला विचारलं, "बाई, कधीपासून आहे हा त्रास?"

"लग्नापासून," बायको म्हणाली आणि तिने घड्याळ बंद केलं.

मदत करणाऱ्या माणसांचा अडथळा कशाने मोजतात, ते कुठेच दिलेलं नाही. मी ती रीत सोडली.

दुसऱ्या रीतीत गाडी जागेवर असते आणि वारा तिच्यावर सोडतात. त्यासाठी मोठमोठे बोगदे बांधलेले असतात. वारा नेमक्या वेगाने येतो, गाडी एका काट्यावर उभी असते, वारा तिला किती जोराने मागे रेटतो ते काटा सांगतो. आमच्याकडे बोगदा नव्हता, पण जिन्यासमोरचा लांब पॅसेज होता, फ्रिजची दोन रिकामी खोकी होती आणि स्वयंपाकघरात डिजिटल वजनकाटा होता. उणीव होती ती वाऱ्याची.

मी साडूंच्या दुकानात गेलो. "घरात फार उकडतंय," मी म्हणालो. "एखादा मोठा पंखा मिळेल का, थोडे दिवस?"

"कुठल्या खोलीत उकडतंय?"

"पॅसेजमध्ये."

साडूंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि सभागृहात लावतात तसला उभा पंखा काढून दिला. ज्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करायचा, त्याच्याकडूनच साहित्य घ्यायचं, हे तपासणीच्या नियमांत बसत नाही. पण पंखा चांगला होता.

पॅसेज सोसायटीचा. सेक्रेटरी म्हणाले, "परवानगी लागेल. अर्ज भरा." अर्जात कारणांचे तीनच रकाने होते: बांधकाम, दुरुस्ती आणि कौटुंबिक समारंभ.

"माझं यातलं काहीच नाही," मी म्हणालो.

"मग परवानगी नाही."

"चौथा रकाना वाढवता येईल?"

"सर्वसाधारण सभेत ठराव आणावा लागेल. सभा गेल्याच महिन्यात झाली."

मी कौटुंबिक समारंभावर खूण केली. माझ्या नोकरीच्या काळात मी या असल्या खुणांबद्दल किती जणांकडून खुलासे मागवले असतील, त्याला गणती नाही. खूण करताना हात थोडा जड झाला, एवढं नमूद करतो.

त्यामुळे रविवारी सकाळी मी खोकी एकमेकांना चिकटवत असताना वरच्या मजल्यावरच्या काकू नवी साडी नेसून खाली आल्या. त्यांच्यामागून सेक्रेटरी आले आणि त्यांच्या सौभाग्यवती फुलांचा गुच्छ घेऊन आल्या. "कुणाचं काय आहे?" काकूंनी विचारलं. बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. पाहुण्यांना खुर्च्या द्याव्या लागल्या, चहा करावा लागला, आणि आमचा बोगदा भरल्या घरात उभा राहिला.

तळमजल्यावरचे इंजिनियरही आले. ते पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेत आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना नळातून आल्यासारखी वाटते. "वारा म्हणजे काय? पातळ पाणी," ते म्हणाले. "पण पंख्याचा वारा गरगरत येतो. आधी त्याला शिस्त लावा." त्यांच्या सांगण्यावरून रसवाल्याकडून रस प्यायच्या नळ्यांचा गठ्ठा आणला, नळ्या एकमेकींना चिकटवून त्यांची जाळी केली आणि पंख्यासमोर बसवली. वारा त्यातून सरळ येऊ लागला. इंजिनियरांनी हात पुढे करून तो तपासला आणि प्रेशर चांगलं असल्याचं सांगितलं.

गाडी मी कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीतून कोरली होती. हा साबण नवा होता, याची नोंद बायकोने सर्वांसमक्ष करून दिली. कॅरियर आईने केलं, आगकाड्यांचं. केसांच्या पिना वाकवून तिने घडीची खुर्चीही केली. पहिली खुर्ची तिनेच नापास केली. "अरे, माझी खुर्ची गाडीच्या मानानं एवढी मोठी आहे होय? उगाच तिच्यावर आळ यायचा," असं म्हणून तिने दुसरी वाकवली. चौकशीत एवढी निःपक्षपाती व्यक्ती मी पहिल्यांदाच पाहत होतो.

साबणाची गाडी छोट्या चाकांच्या पाटावर ठेवली. पाटाला पुढून दोरा बांधला. दोरा रिळावरून खाली सोडून त्याच्या टोकाला एक वजन बांधलं, आणि ते वजन काट्यावर टेकवलं. वारा गाडीला मागे रेटेल, दोरा ताणला जाईल, वजन थोडं उचललं जाईल आणि काटा तेवढा कमी दाखवेल. जेवढं कमी, तेवढा वाऱ्याचा रेटा.

पहिल्यांदा मी पंखा पूर्ण वेगाने लावला. दोरा तुटला आणि साबणाची गाडी बोगद्याच्या मागच्या तोंडातून बाहेर पडून सेक्रेटरींच्या मांडीवर उतरली. त्यांनी ती हातात घेऊन वास घेतला. "हा समारंभ आहे की दुरुस्ती?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "चहा झालाय ना, मग समारंभच."

दोरा बदलला, वेग उतरवला, आणि आकडे येऊ लागले. नुसती गाडी: पंधरा ग्रॅम. नुसतं कॅरियर खुर्चीसकट, बारीक काडीवर उभं करून, काडीचा आणि पाटाचा रेटा वजा जाता: सहा ग्रॅम. सहा म्हणजे काही फार नव्हे. मी समोर बसलेल्या मंडळींकडे बघून सांगितलं की आता दोन्ही एकत्र ठेवू आणि एकवीस येतील. आमच्या धंद्यात बेरीज आधी सांगून मग दाखवायची असते.

अठ्ठावीस आले.

मी काटा पुसला. पुन्हा अठ्ठावीस. गाडी वेगळी, पंधरा. कॅरियर वेगळं, सहा. एकत्र, अठ्ठावीस. सात ग्रॅम जास्त, आणि ते कुणाच्या खात्यात टाकायचे ते कळेना.

ज्यांनी कधी ताळा जुळवलेला नाही त्यांना हे समजणार नाही. रक्कम मोठी असणं आम्हाला चालतं. फरक चालत नाही. ऑफिसात फरक आला की आम्ही तो सापडेपर्यंत घरी जात नाही, आणि सापडल्यावर तो ज्याच्याकडे सापडतो त्याला घरी जाऊ देत नाही. समारंभ आटोपला, पाहुणे गेले, खुर्च्या आत गेल्या. मी बोगद्यासमोर बसून राहिलो. पुढचे चार-पाच दिवस ऑफिसातून आलो की तेच. मी पंख्यावर संशय घेतला, विजेच्या दाबावर घेतला, साबण सुकून हलका झाला असावा म्हणून साबणावर घेतला. आगकाड्या मोजल्या. बायकोला विचारलं, काट्यावर मधे काही वजन केलंस का. तिने पोळ्यांची कणीक अंदाजाने भिजवायला सुरुवात केली.

इंजिनियर रोज डोकावून जात. "पाइपला मधे तीन तोंडांचा टी लावला की असंच होतं," ते म्हणत. या वाक्यात माझं उत्तर होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मी नळांच्या मनःस्थितीत नव्हतो.

आठवड्याची मुदत संपली त्या संध्याकाळी साडू पंखा न्यायला आले. पॅसेजमध्ये खोक्यांचा बोगदा, त्याच्या तोंडाशी आपला पंखा, आत साबण आणि बाहेर मांडी घालून बसलेला साडू, हे सगळं त्यांनी सावकाश पाहून घेतलं.

"फार उकडत होतं म्हणालात," ते म्हणाले.

खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. मी आकडे सांगितले. कॅरियर एकटं निर्दोष आहे, गाडी एकटी निर्दोष आहे, पण सात ग्रॅम कुठून येतात ते सापडत नाही आणि ते सापडेपर्यंत मी कुणाला दोषी धरू शकत नाही, हेही सांगितलं.

"काय हो, दोन आणि दोन चारच व्हायला पाहिजेत ना?" साडूही बुचकळ्यात पडले. दुकानदारच ते. आम्ही दोघे बोगद्याच्या दोन्ही बाजूंना वाकून साबणाकडे बघू लागलो. साडूंनी पंखा तिरका करून पाहिला. मी म्हटलं तिरका करू नका. ते म्हणाले, पंखा माझा आहे. मी म्हटलं, साबण माझा आहे. आवाज जिन्यात घुमायला लागले आणि सेक्रेटरींचं दार किलकिलं झालं.

बायको दारात उभी होती. "यात शोधायचं काय आहे?" ती म्हणाली. "तुम्ही एकटे असता तेव्हा थोडा त्रास. भाऊजी एकटे येतात तेव्हा थोडा त्रास. दोघं एका जागी आलात की तिसराच त्रास. तो तुमचा नाही, त्यांचाही नाही. एका जागी असण्याचा आहे."

जिन्यात उभे असलेले इंजिनियर म्हणाले, "अगदी बरोबर. गाडीवरून सरकलेला वारा वेग घेऊन कॅरियरवर आदळतो, कॅरियरनं विस्कटलेला वारा गाडीच्या पाठीवर पडतो. मी रोज सांगत होतो, टी लावला की असंच होतं."

मी पंखा बंद केला. नोकरीत मी अनेकांना फरकाचा खुलासा मागितलेला आहे. इतका थोडक्यात कुणी दिला नव्हता. निकाल स्वच्छ होता. कॅरियर एकटं सहा ग्रॅमचं असेल, पण माझ्या गाडीवर बसलं की तेरा ग्रॅमचं होत होतं. रस्त्यावर आचके बसले होते ते बरोबर बसले होते.

"म्हणजे आई माझ्या गाडीतून," साडू म्हणाले. आवाजात विजय नव्हता, पण तो तयार ठेवलेला होता.

आईने आतून हाक मारली. आम्ही दोघे गेलो. ती साडूंना म्हणाली, "तुमचे उपकार आहेत हो. पण मी आपली मुलाच्या गाडीत बसते. खुर्ची तेवढी तुमच्या डिकीत घ्या. वाटेत तुम्हाला तिला काय समजावून सांगायचं ते सांगा, ती ऐकून घेईल."

असं ठरलं. टपावरचं कॅरियर काढून ठेवलं, आणि एक खुर्ची न्यायला दोन गाड्या निघाल्या. टाकी या वेळी बायकोने स्वतः उभं राहून काठोकाठ भरून घेतली; मी दुसरीकडे बघत राहिलो. "मी पुढे राहतो," साडू म्हणाले, "वारा मी अंगावर घेतो. तुम्ही या माझ्यामागून."

मला पुढे जायचं होतं. पण खुर्ची त्यांच्याकडे होती आणि मावशीचं घर त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणजे मी पुढे गेलो आणि ते मागे कुठे राहिले तर चुकणार, आणि ते चुकले तर आईला गाडीतच बसून राहावं लागणार. त्यामुळे मी फोनवरून त्यांना वळणं सांगत त्यांच्या मागे मागे राहिलो. आई दर थोड्या वेळाने म्हणे, "अंतर ठेव." मी थोडा मागे सरके. मग वाटे, वाऱ्याची सावली सुटली. मी थोडा पुढे सरके. "अंतर ठेव," आई म्हणे. समोर साडूंच्या डोक्याची मागची बाजू होती. मागच्या खेपेला आमच्यामध्ये दोरी होती. बाकी काही बदललेलं नव्हतं.

मावशी दारातच बसली होती. हिरव्या चष्म्यातून तिने आधी खुर्ची ओळखली, मग आईला. खुर्ची अंगणात उघडली, आईला बसवलं, आणि दोघी एकमेकींचे हात धरून बसून राहिल्या. इतके दिवस "भेटलं की सांगते" म्हणून साठवलेलं सगळं तसंच राहिलं. मग मावशी म्हणाली, "एवढ्या दोन गाड्या कशाला?" आई म्हणाली, "एकीत बसणारे दोघं नव्हते."

परत आल्यावर मी टाकी पुन्हा भरली आणि भागाकार केला. गाडी लिटरला पूर्वी कधी गेली नव्हती इतकी गेली होती. कॅरियर बसवण्याच्या आधीपेक्षाही जास्त. साडूंना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मी पुढे होतो म्हणून." मी मान डोलावली, कारण आकडा तेच सांगत होता. माझ्या गाडीचा फायदा त्यांच्या खात्यात जमा झाला आणि गेले तीन महिने प्रत्येक जेवणाच्या पंगतीत तो वाचून दाखवला जातोय.

पण मागच्या आठवड्यात मेव्हणीने बायकोला फोनवर सहज सांगितलं की यांचीही गाडी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त गेली, आणि हे कोड्यात पडलेत. मेकॅनिकला दोनदा विचारून आले. मी पुस्तक पुन्हा उघडलं. मागे जवळून कुणी येत असेल तर पुढच्या गाडीच्या पाठीशी वाऱ्याची जी पोकळी होते, ती थोडी भरते. पुढच्याला मागे खेचणारा जोर तेवढा कमी होतो. एकावर एक बसवले तर सात ग्रॅम अंगावर येतात, आणि पुढेमागे ठेवले तर दोघांनाही थोडे परत मिळतात.

साडूंचा अजून शोध चालू आहे. परवा त्यांनी मलाच विचारलं, "साडूबुवा, तुम्ही आकड्यातले. कशामुळे झालं असेल हो?" मी म्हणालो, चौकशी करावी लागेल. आणि त्यांचा पंखा, जो मी अजून परत केलेला नाही, तो त्यांच्याकडे वळवला.